साडेसहातलं अर्धं

प्यो दोक्सूने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं आणि त्याचा भुर्दंड आमच्या अख्ख्या क्लबाला बसला.

माझा बादुकचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची घरं वेढायच्या खेळाचा, क्लब गुनसानच्या जुन्या बंदराजवळ आहे, तिसऱ्या मजल्यावर. खाली जाम्पोंगची, म्हणजे लाल रश्श्यातल्या शेवयांची, खानावळ. तिच्या तिखट रश्श्याचा वास दुपारी वर येतो आणि हरत आलेला माणूस डोळे पुसत असला तर त्याला सबब मिळते. माणसं मोजायची मला खोड आहे. कोण जिंकल्यावर दुसरी कॉफी घेतो, कोण हरल्यावर सोंगट्या डब्यात आपटतो, कोण घड्याळाकडे बघून हार मानतो, हे सगळं माझ्या डोक्यात जमाखर्चासारखं मांडलेलं असतं. त्या हिशेबाने प्योदादा म्हणजे क्लबातला सगळ्यात महाग गिऱ्हाईक. कागदाच्या गिरणीत मुकादम होता. निवृत्त झाला तरी मुकादमी सुटली नाही. माझा हीटर किती वर ठेवायचा हेसुद्धा तोच ठरवायचा.

दुसरी मिन ह्येरान. वय एक्कावन्न. सोलजवळच्या एका मोठ्या कंपनीत बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं. कंपनीने ‘आता तरुणांना जागा द्या’ म्हटल्यावर आईकडे गुनसानला परत आली. क्लबात आली त्या दिवशी प्योदादा तिला म्हणाला, "बाई, स्वयंपाकाचा क्लास दुसऱ्या मजल्यावर." तिने कोट काढला, त्याच्यासमोर बसली आणि त्याला हरवलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी फक्त पटावर बोलत. पटाबाहेर जे चालायचं त्याला बोलणं म्हणता येणार नाही.

दोघांना एकच गोष्ट हवी होती. दर मे महिन्यात खाडीपलीकडच्या जांगहांगच्या क्लबाशी आमची पाच पटांची लढत असते. पहिल्या पटावर त्यांचा गुक जोंगपिल बसतो. त्याने प्योदादाला लागोपाठ तीन वर्षं हरवलं होतं, आणि आता तो उन्हाळ्यात मुलाकडे बुसानला कायमचा जाणार होता. म्हणजे प्योदादाला ही शेवटची संधी. मिनबाईचं कारण वेगळं. आमच्या पहिल्या पटावर आजवर एकही बाई बसलेली नव्हती, आणि ‘का’ असं विचारलं की सगळे पुरुष एकदम कॉफी करायला उठत.

पहिल्या पटावर कोण, हे वसंतातल्या साखळी सामन्यांवरून ठरतं. ज्याला जितके जमतील तितके डाव खेळायचे, चाळिसाच्या वर हवेत, आणि शेवटी जिंकण्याची टक्केवारी बघायची. पूर्वी हे मी पाटीवर खडूने करायचो. या वर्षी प्योदादा वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या वर्गात सी भाषा शिकून आला आणि मला म्हणाला, "चोन, खडू फेकून दे. आता यंत्र सांगेल."

आणि यंत्र सांगू लागलं. डाव संपला की खेळणारे चिठ्ठीवर काळा कोण, पांढरा कोण आणि पटावर काळा किती घरांनी पुढे एवढंच लिहायचे. प्योदादा ते एका बोटाने यंत्रात भरायचा. भिंतीवर चिकटायची ती फक्त टक्केवारी.

एप्रिलच्या शेवटी जो कागद चिकटला त्यावर सर्वांत वर प्यो दोक्सू, सहासष्ट. त्याच्याखाली मिन ह्येरान, सहासष्ट.

"बरोबरी," प्योदादा हात मागे बांधून म्हणाला. "आणि बरोबरी झाली की मोठा माणूस आधी. ते मी प्रोग्रॅममध्येच घातलंय. वडीलधाऱ्यांचा मान राखायला यंत्रालासुद्धा शिकवलंय."

वू सांगचिल म्हणून त्याचं एक शेपूट आहे, तो लगेच म्हणाला, "वा दादा! यंत्रालासुद्धा संस्कार!"

मिनबाई कागदाच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक टेकेल असं वाटलं. "सहासष्ट पूर्णांक किती?"

"सहासष्ट म्हणजे सहासष्ट."

"माझे बेचाळीसमधले अठ्ठावीस. म्हणजे तीनातले दोन. सहासष्ट आणि वर आणखी दोन तृतीयांश. ते कुठे गेले? तुम्ही खाल्लेत?"

"हे बघ, तू—"

"कुणाला ‘तू’ म्हणताय?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला, आणि खोलीतले डाव थांबले. "मी तुमची धाकटी बहीण नाही, तुमच्या गिरणीतली मजूर नाही. ‘तुम्ही’ म्हणा, नाहीतर गप्प बसा."

प्योदादाचा चेहरा जाम्पोंगच्या रंगाचा झाला. "मालक!" तो माझ्यावर ओरडला, म्हणजे खरं तर तिच्यावर. "माझ्या यंत्रावर कुणी संशय घ्यायचा नाही!"

"यंत्र क्लबाचं आहे, दादा," मी म्हटलं. "तुमचा आहे तो प्रोग्रॅम. तो बाईंना दाखवा."

"कशाला? माझ्या कपाटात कुणी हात घालतं का?"

"कपाटात हात घालायचा नाही," मिनबाई म्हणाली, "फक्त नाक धरून बघायचं."

शेवटी दाखवला. तो खुर्चीत, ती मागे उभी, आणि आम्ही सगळे तिच्यामागे. तिने एकदा वरून खाली वाचलं, मग खालून वर. मधे एका ठिकाणी ती थांबली, माझ्या लक्षात आहे, कारण पापणी न हलवता ती तिथे जरा जास्तच वेळ थांबली. मग वर सरकली.

"बावीस वर्षांत पोरं पाहिली," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात जी चूक करतात ती ही. तुम्ही सगळे आकडे पूर्णांक ठेवलेत. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की यंत्र बाकी फेकून देतं. विचारत नाही, सांगत नाही, फेकतं."

"तर मग अपूर्णांक करू. त्यात काय मोठं?" प्योदादाने टक्केवारीचा जो डबा होता—वाचनालयातल्या गुरुजींनी त्यांना असंच शिकवलं होतं, आकडा ठेवायचा तो डबा—त्याची जात बदलली. पूर्णांकाऐवजी दशांश. कळ दाबली. पडद्यावर आलं: प्यो ६६.००, मिन ६६.००.

"घ्या!" तो खुर्चीवरून अर्धा उठला. "दशांश काढून दाखवला! दोन्हीकडे शून्य शून्य! आता बोला!"

वूने टाळी वाजवली. मलाही क्षणभर पटलं. आकड्यामागे दोन शून्यं लागली की तो फार खरा वाटतो.

मिनबाई हसली. ते हसू मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. "प्योसाहेब, रस्सा ओतून झाल्यावर मोठं पातेलं आणलंत. भागाकार आधी झाला, दोन पूर्णांकांत झाला, बाकी तिथेच सांडली. मग जे उरलं ते तुम्ही ऐटदार भांड्यात ठेवलंत. भांडं बदलून सांडलेलं परत येतं का?"

"मग काय करायचं?"

"विचार करा."

"सांगायला काय जातं तुमचं?"

"माझे दोन तृतीयांश गेले ना आत्ताच?"

तो घामेजला. भागाकाराचं चिन्ह त्याने पुसलं, पुन्हा लिहिलं. कंस घातला, तर सगळ्यांची टक्केवारी शून्य झाली आणि आख्खा क्लब क्षणभर एका पातळीवर आला. वू म्हणाला, "हेही वाईट नाही." मिनबाई बोट न लावता, हात कोटाच्या खिशात ठेवून उभी. एकदाही ती म्हणाली नाही की जवळ आलात. शेवटी मीच म्हटलं, "बाई, मला खानावळीतून जेवण मागवायचंय, लोक भुकेले आहेत, सांगून टाका."

"शंभराने गुणता ना? त्या शंभराच्या मागे टिंब द्या आणि एक शून्य. शंभर पूर्णांक शून्य. एक आकडा जरी दशांशाचा असला तरी यंत्र सगळा हिशेब दशांशात करतं. भागायच्या आधी, कळलं? आधी."

टिंब. शून्य. कळ. मिन ६६.६७. प्यो ६६.०४.

प्योदादा पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी उचलली, जिन्यावरून उतरला, आणि खाली जाऊन काहीतरी लाथाडल्याचा आवाज आला. नंतर कळलं, माझीच सायकल.

पुढचे काही दिवस तो आला नाही. माझ्या जमाखर्चात हे चांगल्या बाजूला मांडायचं की वाईट, ते कळेना. हीटर मी माझ्या मनाने ठेवत होतो, पण क्लब सपक लागत होता. बातम्या वू आणायचा. "दादा रोज वाचनालयात बसतोय. गुरुजी दिसले की त्यांना धरतो. एका बाईने आपल्याला सर्वांसमोर नागवलं म्हणतो. तिच्याकडून शिकावं लागलं हे त्याला हरण्यापेक्षा जास्त लागलंय."

जांगहांगला नावं पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला. खोली भरलेली होती. त्याने टोपी काढली नाही. सरळ मिनबाईच्या पटाशी गेला. ती डाव खेळत होती. तो पटावर वाकला.

"फेब्रुवारीतला आपला डाव," तो म्हणाला. "तुम्ही काळे, मी पांढरा. पटावर तुम्ही सहा घरांनी पुढे. भरपाई साडेसहा. कोण जिंकलं?"

हे बादुक खेळणाऱ्या कुणालाही विचारायची गरज नाही. काळा पहिली चाल खेळतो, म्हणून शेवटच्या मोजणीत पांढऱ्याला साडेसहा घरांची भरपाई मिळते. त्यातलं अर्धं घर पटावर कुठेच नसतं. बरोबरी होऊ नये एवढ्यासाठीच ते आहे. आमच्याकडची माणसं बायकोचा वाढदिवस विसरतील, पण अर्ध्या घराने गेलेला डाव मरेपर्यंत विसरत नाहीत.

"तुम्ही," मिनबाई म्हणाली. "अर्ध्या घराने."

"आणि यंत्रात?"

तिने हातातली सोंगटी डब्यात ठेवली.

"यंत्रात तुम्ही!" त्याने खिशातून घड्या घातलेला कागद काढून पटावर आपटला, सोंगट्या उडाल्या. "एकेक डाव छापून बघितला मी! भरपाईचा डबा मी पूर्णांक केला होता. साडेसहा टाकले तर यंत्राने सहाच ठेवले, अर्धं गिळलं. सहातून सहा गेले, शून्य. आणि शून्य आलं तर काळा जिंकला! हे मी लिहिलं, माझी चूक, कबूल. पण तुम्ही!" त्याने तिच्यावर बोट रोखलं. "तुम्ही त्या दिवशी वरून खाली वाचलंत, खालून वर वाचलंत. तुम्हाला दिसलं होतं. स्वतःच्या फायद्याची चूक सुधारलीत आणि दुसरी झाकलीत. चोर!"

मला तिची न हललेली पापणी आठवली. मी तिच्याकडे बघितलं. ती नाकारेल असं मला वाटलं होतं. नाकारलं नाही.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "आणि त्याच्यापेक्षा मजेची गोष्ट दिसली होती. तुलना करताना तुम्ही ‘शून्यापेक्षा मोठं किंवा शून्य’ असं चिन्ह टाकलंय. ते ‘किंवा शून्य’ कुठून आलं? सांगा ना सगळ्यांना."

प्योदादा जरा अडखळला. "सुरुवातीला एका डावात कुणीच जिंकल्याचं दाखवेना. शून्य येत होतं. म्हणून बरोबरीचं चिन्ह घातलं. मग चालू झालं."

"चालू झालं!" ती पुरुषांकडे वळली. "साडेसहाच्या खेळात शून्य येऊच शकत नाही. अर्धं कुठे तरी उरायलाच हवं. शून्य आलं म्हणजे घंटा वाजली होती, कुठेतरी चूक आहे म्हणून. आणि ह्यांनी काय केलं, घंटेत बोळा कोंबला. वर मला चोर म्हणतात."

"तुम्ही बोळा बघितलात आणि कानावर हात ठेवलेत! कुठलं पाप मोठं?"

"थांबा थांबा," वू उठला. त्याला गणित उशिरा कळतं, पण कळतं. "म्हणजे सहा घरांनी काळा पुढे असलेले सगळे डाव उलटे? दादा, मार्चमध्ये तू काळा, मी पांढरा... तो सहाचाच होता! मी तुला हरवलं होतं! त्या दिवशी मी सगळ्यांना गोड पाव वाटले होते!"

"त्याचं आत्ता काय?" प्योदादा खेकसला.

"काय म्हणजे? माझा विजय! तू घेऊन बसलायस!"

"आणि तेवढाच नाही," मिनबाई म्हणाली. "अजून एक आहे, तुमचा आणि मालकांचा. प्योसाहेब, तुम्ही कागद छापलात, पण वाचलात किती? तुमच्यावर अन्याय झाला तो डाव सापडल्याबरोबर थांबलात."

हे खरं होतं आणि मलाही लागलं, कारण तो डाव मला आठवला. अर्ध्या घराने मी जिंकलो होतो आणि त्या दिवशी प्योदादाने हीटर रागाने बंद केला होता. सहा घरांचे तीन डाव. दोनांत त्याला फुकटचे विजय मिळाले होते, एकात त्याचा गेला होता. माणसाला आपलं गेलेलं अर्धं जितकं टोचतं, तितकं आलेलं टोचत नाही. माझा विजय गेला हे तर मला कळलंच नव्हतं, कारण भिंतीवर फक्त टक्केवारी होती, आणि मी खडू फेकून दिला होता.

"दुरुस्त करा," मी म्हटलं. "दोन्ही. आत्ता."

या वेळी मिनबाई त्याच्यामागे उभी राहिली नाही. ती आपल्या खुर्चीतच बसून राहिली. प्योदादाने कुणालाही न विचारता भरपाईच्या डब्याची जात बदलली, साडेसहा पुन्हा लिहिले, मग खाली जाऊन तुलनेतलं ते जास्तीचं बरोबरीचं चिन्ह पुसलं. बोट एकच होतं, पण अडत नव्हतं. मी ते पाहिलं आणि मिनबाईनेही पाहिलं. तिला ते आवडलं नाही.

कळ. मिन ६४.२९. प्यो ६४.१५.

प्योदादाने तो आकडा दोनदा वाचला. त्याने मोजलंच नव्हतं. तिला चोर ठरवलं की आपण पहिले, एवढं त्याने गृहीत धरलं होतं.

"म्हणजे तरीही तुम्हीच पुढे," मी मिनबाईला म्हटलं. "मग लपवलंत कशाला? त्याच दिवशी सांगितलं असतंत तर आज चोर तरी ऐकावं लागलं नसतं."

"मालक, तुम्ही हिशेबी आहात. मोजा ना." ती बोटांनी दाखवू लागली. "त्या दिवशी सहासष्ट पूर्णांक सदुसष्ट आणि सहासष्ट पूर्णांक चार. गोल केलं असतं, म्हणजे जवळचा पूर्णांक धरला असता, तरी मी सदुसष्ट, हे सहासष्ट. वाद नाही. आज गोल करा. दोघंही चौसष्ट. आणि चौसष्ट म्हणजे बरोबरी. आणि बरोबरी म्हणजे मोठा माणूस आधी. इथे तुम्ही बाईला एवढ्याशा फरकाने पहिल्या पटावर बसवाल, असं मला वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही. बघा आता."

आणि बघायला वेळ लागला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "चौसष्ट म्हणजे चौसष्टच की." दुसरा म्हणाला, "टिंबानंतरचं कोण बघतं? ती कंपनीतली सवय. क्लबात पूर्णांकच बरा." तिसऱ्याला आठवलं की मी पाटीवर खडूने लिहायचो तेव्हा टिंब कधीच नसायचं. सगळ्यांत जोरात वू. "माझा विजय मला परत हवाच! आणि पहिला पट दादालाच मिळाला पाहिजे! गुक जोंगपिल निघालाय बुसानला!"

"वू, आत्ताच तू त्याच्याशी भांडत होतास," मी म्हटलं.

"ते वेगळं. ते घरातलं."

मिनबाई खुर्चीवर मागे रेलली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला विजयच म्हणावं लागेल, फक्त फार कडू. ती बरोबर निघाली होती.

"दादा," वू प्योदादाच्या खांद्यावर वाकला, "काढ ते. शंभराच्या मागचं टिंब आणि शून्य. दोन कळा. पहिल्यासारखं होईल. नियम तुझाच आहे, प्रोग्रॅम तुझाच आहे. कोण काय म्हणणार?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हिशेबी माणूस. पंचवीस गिऱ्हाइकं एका बाजूला, एक बाई दुसऱ्या बाजूला. मी काय ठरवणार होतो ते मला खरंच माहीत नाही, कारण ठरवायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

प्योदादा बाण त्या शंभराशी नेऊन थांबला. टिंबाच्या पुढे उभी रेघ लुकलुकत होती. एक बोट वर उचललेलं. गुक जोंगपिलचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर असणार. तीन वर्षं हरल्यावर समोरच्याचा चेहरा पाठ होतो. मग त्याने खुर्ची फिरवली, मिनबाईकडे.

"हे काढलं," तो म्हणाला, "तर मी हिवाळ्यात जे लिहिलं होतं तेच होतं. शब्दाला शब्द. तेव्हा मला येत नव्हतं. आता येतं."

"मग?" वू म्हणाला. "येतं तर काढ!"

"गाढवा, येत असताना ते कसं लिहू? गिरणीत मी एकदाही कागदाचा गठ्ठा कमी वजनाने जाऊ दिला नाही. नकळत गेला असेल. जाणून नाही." मग तिला, दातांवर दात ठेवून, "हा तुमचा गुन्हा आहे, मिनबाई. अडाणी ठेवलं असतंत तर आज मी सुखाने पहिल्या पटावर असतो."

"मी शिकवायचा प्रयत्नच केला नव्हता," ती म्हणाली. "मालकांनी जेवणासाठी बोलायला लावलं."

"तेच म्हणतोय. तुम्हाला शिकवतासुद्धा येत नाही. रस्सा म्हणे, पातेलं म्हणे!"

त्याने बाण बाजूला नेला, जांगहांगला पाठवायच्या पानावर पहिल्या पटासमोर एका बोटाने मिन ह्येरान असं लिहिलं. दुसऱ्या पटासमोर काही लिहिलं नाही. उठला.

"दादा, दुसरा पट तुमचा," मी म्हटलं.

"माझा नाही. हिच्या शेजारी बसून मी खेळणार नाही. वूला बसवा, त्याला विजय हवे आहेत ना."

"वू बसला तर तो पट आपण हरू," मिनबाई म्हणाली.

"हरा."

"मुलासारखं वागू नका."

"मोठा माणूस आहे मी," तो म्हणाला आणि जिन्यावरून उतरला. या वेळी सायकलीला लाथ मारली नाही. मी खिडकीतून बघत होतो.

लढतीच्या दिवशी आमचे पाच खेळाडू आणि गाडी चालवायला मी असे पूल ओलांडून गेलो. मिनबाई पुढच्या सीटवर, मागे चौघं पुरुष. पूल संपेपर्यंत तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. तिनेही मागे वळून बघितलं नाही. जांगहांगच्या क्लबात गुक जोंगपिल पहिल्या पटावर बसला होता. समोर बाई आलेली बघून त्याने माझ्याकडे भुवई वर केली, "आणि प्यो? आजारी का?"

"मी इथे आहे," मागून आवाज आला. तो बसने आला होता, आमच्याही आधी. टोपी घातलेलीच.

डाव सुरू झाला. बघणारे दोन्ही बाजूंनी उभे राहिले. आमची माणसं मिनबाईच्या मागे उभी राहायला हवी होती. उभी राहिली नाहीत, वूच्या पटाभोवती जमली. प्योदादा मात्र सरळ गुकच्या खुर्चीमागे गेला आणि तिथेच खांबासारखा उभा राहिला. गुकला जो पट दिसत होता तोच त्याला दिसत होता. आणि पलीकडे मिनबाई.

डाव मध्यावर आला तेव्हा तिने मान वर केली. "बाजूला व्हा. उजेड अडतोय."

प्योदादा हलला नाही.

"प्योसाहेब, ऐकू आलं का?"

"खेळा," तो म्हणाला. "तुमचा वेळ चाललाय."